चुकांचा रकाना

काका गेल्याचं कळलं तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडला तो असा: 'एक हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व आज काळाच्या पडद्याआड गेले. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. काका हसतमुख नव्हते. मनमिळाऊ तर मुळीच नव्हते. मंडळातल्या निम्म्या लोकांशी त्यांचं भांडण होतं आणि उरलेल्या निम्म्यांशी भांडायला त्यांना अजून सवड झाली नव्हती, इतकंच. हा मेसेज त्यांनी वाचला असता तर लिहिणाऱ्याला फोन लावून, "तो पडदा कुठे असतो, मला एकदा दाखव," असं नक्की विचारलं असतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, जरा बसलेला.

"दिवाळी अंकात ह्यांच्यावर तूच लिहिणार ना?"

"हो काकू."

"लिही. पण ते चुकांबिकांचं काही नको हं. चारचौघांवर लिहितात तसं लिही. चांगला माणूस होता, असं."

मी हो म्हणालो. नवऱ्याला जाऊन दोन दिवस झालेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी भलतंच कबूल करून बसलो. कारण काकांनी मला बरोबर उलटं बजावून ठेवलं होतं. "मी गेल्यावर माझ्यावर तू लिहिशील," ते म्हणाले होते, "दुसऱ्या कोणाला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही. तेव्हा माझी चूक घालायची. चांगली ठळक. नाही घातलीस तर लेख दुसऱ्याच कोणावर आहे असं समजेन." जिवंत माणसाची समजूत काढता येते, त्याला चहा पाजून वळवता येतं. गेलेला माणूस आपल्या म्हणण्यावर अडून बसला की काही म्हणता काही करता येत नाही.

काकांची आणि माझी ओळख त्यांच्या बेसमेंटमुळे झाली. मी कॅनडात, ग्वेल्फला, शिकायला आलो तेव्हा इतर घरमालक विचारायचे, स्वयंपाकात तळण किती करतोस, मित्र किती येतात, वॉशरूम कोण साफ करणार. काकांनी एकच प्रश्न विचारला: "रेडिओचा त्रास होतो का?" मी म्हटलं, नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं की त्यांच्या खुर्चीशेजारचं हीटिंगचं व्हेंट थेट माझ्या उशीवर उघडतं. एप्रिल ते ऑक्टोबर, रोज संध्याकाळी, बेसबॉलचं धावतं वर्णन माझ्या अंगावर पडत असे. टीव्ही त्यांच्याकडे होता, पण त्यावर ते मॅच बघत नसत. "टीव्हीवर काय झालं ते दिसतं. रेडिओवर काय झालं ते कोणीतरी कबूल करतो," असं त्यांचं म्हणणं. पुढे पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, मी इंग्रजीची परीक्षा दिली तेव्हा ऐकण्याच्या भागात मला उत्तम मार्क पडले. बोलण्याच्या भागात मात्र मी परीक्षकबाईंना माझी आयुष्यातली ध्येयं मॅचच्या शेवटच्या डावाच्या आवेशात सांगितली, आणि त्या घाबरल्या.

काका मूळचे नागपूरचे. गव्हाच्या पिठावर संशोधन करणाऱ्या एका लॅबमध्ये त्यांनी आयुष्यभर कणीक ताणून ती कुठे तुटते ते बघितलं. ते आले तेव्हा गावात मराठी बोलायला फक्त काकू होत्या, आणि काका सांगत की त्या तेव्हा बहुतेक वेळ रागावलेल्या असायच्या. लॅबमधलं कोणीतरी त्यांना गावच्या टीमची मॅच बघायला घेऊन गेलं. त्या दिवशी गुण लिहिणारा माणूस आला नव्हता. लॅबवाला आहे, अक्षर नीट असेल, म्हणून काकांच्या हातात पेन्सिल दिली गेली. ती त्यांनी परत दिलीच नाही. पेन्सिलच, पेन नव्हे. एप्रिलमध्ये मैदानावर पेनातली शाई गोठते, हे ते नवीन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला सांगत, जणू त्यानं गुण लिहिण्यासाठीच व्हिसा काढलाय.

त्या मैदानावर काकांना जे सापडलं, त्यानं त्यांचं आयुष्य बदललं. बेसबॉलच्या फळ्यावर प्रत्येक टीमपुढे तीन आकडे असतात: धावा, फटके आणि चुका. सोपा चेंडू हातातून सुटला की गुण लिहिणारा ठरवतो, हा समोरच्याचा चांगला फटका की आपल्या माणसाची चूक. चूक ठरली की ती दिव्यांमध्ये झळकते, आणि त्या खेळाडूच्या नावापुढे कायमची लागते. काका यावर वेडे झाले.

"आपल्या क्रिकेटमध्ये झेल सुटला तर काय होतं? काही नाही," ते सांगत. "गोलंदाज कपाळाला हात लावतो. झेल सोडणारा टोपी झटकतो आणि बोट चोळत बसतो. कागदावर काहीच नाही! इथे कागदावर नाव लागतं. तरी दुसऱ्या दिवशी तो माणूस परत त्याच जागी उभा राहतो. आपल्याकडे हा तिसरा रकानाच नाही रे. म्हणून आपली माणसं मेली की एकदम देव होतात."

हे तत्त्वज्ञान ते घरातही वापरत. मी भाजी करपवली तर वरून आवाज यायचा, "चूक, बेसमेंट." काकूंच्या हातून कप फुटला तर मात्र ते काही बोलत नसत. तिथे गुण लिहिणाऱ्याचा धीर होत नसे.

त्यांचं कॅलेंडरही वेगळं होतं. बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की हिवाळा संपला. त्या दिवशी ते गाडीचे विंटर टायर्स काढत. एप्रिलमध्ये ग्वेल्फला बर्फ पडतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण काकांच्या मते तो बर्फ अधिकृत नव्हता. एकदा त्या अनधिकृत बर्फावरून त्यांची गाडी घसरली आणि शेजाऱ्याची टपालपेटी आडवी झाली. काका खाली उतरले, पेटीकडे बघितलं, शेजाऱ्याच्या दारावर टकटक केलं आणि म्हणाले, "एरर. माइन." शेजारी आयुष्यात प्रथमच काय बोलावं ते न कळून म्हणाला, "थँक यू." मग ड्राइव्हवेवरचा बर्फ मलाच शोव्हल करावा लागला.

मला देवनागरीत टाइप करता येतं या एकाच गुणावर मंडळानं मला दिवाळी अंकाचा संपादक केलं. आमच्या अंकात बर्फावरच्या चार कविता, एअर फ्रायरमधल्या चकलीची कृती आणि बॅन्फचं प्रवासवर्णन असतं. प्रवासवर्णन दर वर्षी वेगळ्या माणसाचं असतं, तलाव तोच असतो. आणि शेवटच्या पानांवर काकांचा लेख: 'यंदा गेलेले'. त्या वर्षात जे बेसबॉल खेळाडू, प्रशिक्षक आणि क्रीडालेखक वारले, त्यांच्यावर. अंक वाचणाऱ्यांपैकी एकालाही त्यातलं एकही नाव माहीत नसे. मोठ्या खेळाडूंवर काका लिहीत नसत. "त्यांना लोक आहेत," म्हणत.

नमुन्यादाखल एक देतो. 'सस्काटूनजवळचा एक चेंडूफेक्या गेला. वेग होता, दिशा नव्हती. एकदा त्याच्या चेंडूनं स्वतःच्याच टीमच्या बसची काच फुटली. बस पार्किंगमध्ये होती. नंतर त्यानं जन्मभर ट्रॅक्टर विकले. ट्रॅक्टर चांगले होते म्हणतात.'

आणखी एक. 'एक प्रशिक्षक गेला. दर पराभवानंतर वाऱ्याला दोष द्यायचा. बंद घुमटाच्या स्टेडियममध्ये हरला तेव्हाही दिला.'

आणि हा माझा सगळ्यात आवडता. 'एक क्रीडालेखक गेला. एकदा पाऊस येणार असं वाटून, मॅच संपायच्या आधीच टीम हरल्याची बातमी देऊन घरी जेवायला गेला. टीम जिंकली. दुसऱ्या दिवशी त्यानं काल मी कसा चुकलो यावर अख्खा लेख लिहिला. त्यानं लिहिलेल्या सगळ्यांत तो चांगला होता. पुन्हा तसा लिहायला त्याला संधी मिळाली नाही, कारण त्यानंतर तो शेवटपर्यंत थांबू लागला.'

काकांचा हट्ट असा की खेळातले शब्द जमतील तेवढे मराठीत हवेत. बेसला ते 'ठाणं' म्हणत. पहिलं ठाणं, दुसरं ठाणं. आता बेसबॉलमध्ये एका बेसवरून पुढच्यावर गुपचूप पळायला बेस चोरणं म्हणतात. त्यामुळे एका वर्षी छापून आलं, 'हा माणूस ठाणी चोरण्यात तरबेज होता. दुसरं ठाणं चोरताना मात्र अनेकदा पकडला गेला.' अंक निघाल्यावर मिल्टनहून एका सभासदांचा मला फोन आला. ते स्वतः ठाण्याचे होते आणि कमालीचे दुखावले होते. "पोलीस ठाण्यात चोरी करणाऱ्यांना आपण दिवाळी अंकात जागा का देतो?" असं त्यांनी विचारलं. "आणि तीसुद्धा श्रद्धांजली?" मी समजावून सांगायला गेलो, तर म्हणाले, "ते काही असो, गावाचं नाव यायला नको होतं." मी काकांना म्हटलं, सरळ बेस लिहू या. काका म्हणाले, "त्यांना सांग, पुढच्या वर्षी डोंबिवली लिहितो."

मंडळाच्या वार्षिक सभेचीही तीच गत. सभेच्या सुरुवातीला दिवंगतांसाठी दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे. काका त्या वेळी खिशातून कागद काढून त्यांचे चेंडूफेके आणि प्रशिक्षक वाचून दाखवत. शेवटी अध्यक्षांनी, जे एका सॉफ्टवेअर कंपनीत डायरेक्टर आहेत आणि सगळ्यांना 'अलाइन' करत असतात, काकांना बाजूला घेतलं.

"काका, यंदा आपण फक्त मराठी लोकांसाठी मौन पाळू या. लेट्स कीप इट सिंपल."

"यंदा आपल्यातलं कोण गेलं?"

"देवाच्या कृपेनं कोणीच नाही."

"मग दोन मिनिटं कोणासाठी गप्प उभे राहणार? मी माणसं देतो की!"

अध्यक्ष अलाइन झाले. माझी मुलगी तेव्हा लहान होती. ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, इज ही द डेड पीपल गाय?" काकांना ते ऐकू गेलं, आणि त्या संध्याकाळी मी त्यांना मनापासून खूष झालेलं पाहिलं.

आता कोचबद्दल सांगायला हवं. गावच्या टीमचा कोच हा काकांचा एकमेव मित्र. अंगानं आडवा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून रिटायर झालेला, जन्मापासून ग्वेल्फमध्येच राहिलेला. कोच होण्याआधी तो त्याच टीममधून खेळायचा. खेळाडू म्हणून त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये, शेवटच्या डावात, एक सरपटता चेंडू त्याच्याकडे आला आणि ग्लव्हला चाटून मागे गेला. काका तेव्हा गुण लिहिण्यात नवे होते. त्यांनी लिहिलं: चूक. कोचचं म्हणणं, चेंडू खड्यावर आपटून उसळला, तेव्हा चूक जमिनीची. काकांचं म्हणणं, तिथे खडा नव्हता. ती मॅच ते हरलेच, पण त्याचं कोचला दुःख नव्हतं. आपल्या नावापुढची शेवटची नोंद चूक आहे, हे त्याला खुपत होतं.

दर मंगळवारी सकाळी डोनटच्या दुकानात दोघं भेटायचे आणि या खड्यावर भांडायचे. मी अनेकदा काकांना सोडायला जायचो, म्हणून हे सांगतोय. कोच आपली कॉफी टेबलावर आपटून म्हणायचा, "पेबल!" काका चहाची पिशवी कपात बुडवत शांतपणे म्हणायचे, "नो पेबल." मग कोच साखरेच्या पुड्या मांडून ठाणं, खेळाडू आणि चेंडू दाखवायचा, आणि एक डोनटचा कण चिमटीत धरून त्याचा खडा करायचा. काका तो कण उचलून खायचे. इतकी वर्षं हे चाललं होतं की दुकानातल्या नव्या पोरींना, म्हणजे आमच्याकडच्या कॉलेजात शिकून पार्टटाइम करणाऱ्या पंजाबच्या नि पुण्याच्या मुलींना, बेसबॉलमधलं दुसरं काही येत नसलं तरी पेबल माहीत होता.

मग कोचला कॅन्सर झाला आणि तो हॉस्पिसमध्ये गेला, जिथे उपचार बंद होतात आणि फक्त आराम देतात. तिथून त्यानं निरोप पाठवला की ये. मी काकांना घेऊन गेलो. तो आडवा माणूस पार वाळला होता. त्यानं आधी हवापाण्याचं विचारलं, मग उशीवरून मान न उचलता म्हणाला, "एक काम कर. ते बदल. फटका लिही. आता कोण बघतंय?"

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, आणि त्यात विनवणी होती. आयुष्यभर आरडाओरडा केलेल्या माणसाची विनवणी ऐकवत नाही. मला वाटलं, आता काका हो म्हणणार. कोणीही म्हटलं असतं. मी तर मनात त्यांच्या वतीनं म्हणूनही टाकलं.

काका म्हणाले, "नो पेबल."

मी काकांचा हात धरायला पुढे झालो. पण कोचचे डोळे लकाकले. त्यानं काकांना एक अस्सल शिवी दिली. मग हात चादरीबाहेर काढला आणि ग्लव्ह कसा धरला होता ते दाखवू लागला. काका म्हणाले, ग्लव्ह उशिरा खाली आला. कोच म्हणाला, तुझे आईबाप तिथे उभे होते का बघायला? आवाज इतका चढला की नर्स आली आणि आम्हाला बाहेर काढलं. निघताना कोच म्हणाला, "मंगळवारी ये. दाखवतो तुला." मंगळवारच्या आत तो गेला.

कोचच्या मुलीनं सगळ्यांना ईमेल केली. उन्हाळ्यात, म्हणजे इकडे जुलै-ऑगस्टमध्ये, तो आमच्या मंडळाच्या पोरांना बेसबॉल शिकवायचा, म्हणून अध्यक्षांनाही केली. ईमेलचा विषय होता, 'सेलिब्रेशन ऑफ लाइफ'. इकडे अंत्यसंस्कारानंतर आठवणींची सभा होते तिला असं म्हणतात. अध्यक्ष कामात होते. त्यांनी विषयापलीकडे वाचलं नाही. सेलिब्रेशन ऑफ लाइफ म्हणजे जीवनगौरव, हे त्यांनी मनात परस्पर भाषांतर केलं, आणि मंडळातर्फे चारपाच जण पैठण्या नि कुर्ते घालून, शाल, श्रीफळ आणि 'क्रीडा क्षेत्रातील अतुलनीय योगदानाबद्दल' असं कोरलेलं स्मृतिचिन्ह घेऊन सभागृहात हजर झाले.

त्यांचाही दोष नाही म्हणा. तिथे सुतकाचं काही दिसतच नव्हतं. टीमच्या रंगाचे फुगे होते, सँडविचेस होती, लोक मोठमोठ्यानं हसत होते. फोटो होता, पण त्याला हार नव्हता. हार असता तर गोष्ट वेगळी. अध्यक्षांनी मला गाठून प्रसन्न चेहऱ्यानं विचारलं, "सत्कारमूर्ती आले का?"

मी टेबलाकडे बोट केलं. तिथे कोचचा जुना ग्लव्ह आणि केक यांच्यामध्ये अस्थींचा कलश ठेवला होता.

अध्यक्षांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी नारळ पाठीमागे लपवला. पैठणीतल्या वहिनी शाल पर्समध्ये कोंबू लागल्या, ती मावेना. तेवढ्यात काका आले. एका नजरेत त्यांना सगळा प्रकार कळला. मला वाटलं, आता हे भर सभेत 'चूक, अध्यक्ष' म्हणून पुकारणार.

"आणलंयत ना?" काका म्हणाले. "मग द्या इकडे."

त्यांनी शाल घेतली आणि कोचच्या मुलीच्या खांद्यावर पांघरली, तिच्या हातात नारळ दिला. ती म्हणाली, "इट्स ब्यूटिफुल. व्हॉट डू आय डू विथ दिस?" काका म्हणाले, "यू ब्रेक इट." तिनं नारळ दोन्ही हातांत फिरवून बघितला आणि बापाच्या ग्लव्हमध्ये ठेवून दिला. तो तिथे अगदी बरोबर बसला.

मग लोक दोन दोन शब्द बोलले. कोच किती दिलदार, किती प्रेमळ, कधी कोणाला दुखावलं नाही. इंग्रजीतही मनमिळाऊच. शेवटी काका उठले. त्यांनी खिशातून कागद काढला नाही. ते म्हणाले, "त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये त्याच्याकडे एक चेंडू आला. तो त्याच्या हातून सुटला. ती चूक होती. तिथे खडा नव्हता." आणि बसले. मग कोचची मुलगी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तिच्यामागे कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "पेबल!" दुसऱ्या बाजूनं कोणी ओरडलं, "नो पेबल!" आणि शेवटी त्या सभागृहात सरळ दोन तट पडले. इतक्या प्रेमानं भांडणारी माणसं मी मंडळातही पाहिलेली नाहीत.

परतताना काका माझ्या गाडीत होते. मग एका सिग्नलला म्हणाले, "खडा होता."

"काय?"

"खडा होता रे. मॅच संपल्यावर मी जाऊन पाहिला. पण तेव्हा मी नवा होतो. ब्राउन माणूस, पेन्सिल घेऊन बसलेला. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं असतं की माझं चुकलं, तर पेन्सिल काढून घेतली असती हातातली. नंतर बदलावंसं वाटलं, तोवर त्यावर आमची दोस्ती झाली होती. बदलून बोलायचं कशावर?"

"पण काका, हॉस्पिसमध्ये त्यानं इतकं विनवलं, तेव्हा तरी..."

"तेव्हा तर नाहीच," ते म्हणाले. "तेव्हा हो म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं की तो मरतोय."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली. मला त्या माणसाचा राग आला होता आणि तितकंच प्रेमही वाटत होतं.

काका गेले ते या वसंतात, हंगाम सुरू झाल्यावर, खुर्चीत, रेडिओ चालू असताना. काकू आतून विचारत होत्या, पोळी एक टाकू की दोन. उत्तर आलं नाही तरी त्यांना वाटलं, मॅच रंगात आली असेल.

तर आता लेख. मी महिनाभर टाळाटाळ केली. दोन खर्डे केले. पहिला काकूंसाठी: विनोदी स्वभाव, ज्ञानपिपासू वृत्ती, मंडळाचा आधारवड. तो वाचताना मलाच कळेना, हा माणूस कोण. दुसरा काकांसाठी, म्हणजे हाच, वर लिहिलेला. यात खड्याची चूक घातली होती, चांगली ठळक. काकूंना न दाखवता छापावा असंही मनात आलं, पण अंक सगळ्यात आधी त्याच वाचतात. शेवटी एका रविवारी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि दुसराच त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, रागावल्या तर रागावल्या.

काकूंनी चष्मा लावून सगळा वाचला. मध्ये दोनदा हसल्या. टपालपेटीशी एकदा, डोंबिवलीशी एकदा. खड्यापाशी थांबल्या आणि परत वरून वाचलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

"छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या.

"काकू, तुम्ही चुकांचं नको म्हणाला होतात. पण ते मला म्हणाले होते की..."

"यात चूक कुठे आहे?"

"खड्याची. ती आहे ना."

"ती कसली चूक?" काकूंनी चष्मा काढला. "हे वाचून कोणीही म्हणेल, काय मनाचा मोठा माणूस! मरणाऱ्या मित्राला शेवटपर्यंत भांडायला दिलं. तू चूक चूक म्हणत त्यांचं कौतुकच करून ठेवलंयस. मी तुला चांगलं लिही म्हटलं ते हे नव्हे. एवढं तर मलाही जमलं नसतं."

मी खड्याचा परिच्छेद पुन्हा वर सरकवून पाहिला.

"लिहायचीच असेल तर खरी लिही," त्या म्हणाल्या. "मी सांगते. घे लिहून. इतकी वर्षं दर शनिवारी मॅचला जायचे. थर्मास मी भरायची. सँडविच मी बांधायची. पहिल्या वर्षी मी एकदा विचारलं, मी येऊ का? तर म्हणाले, तुला थंडी वाजेल. मग मी परत विचारलं नाही. आणि त्यांनीही कधी म्हटलं नाही, की चल."

"मला वाटायचं, तुम्हाला बेसबॉल आवडत नाही."

"त्यांनाही तसंच वाटायचं. आवडतं की नाही ते बघितल्यावर कळणार ना माणसाला?"

त्या हे रडून बोलल्या नाहीत. काटेकोरपणे बोलल्या, पेन्सिल हातात असल्यासारख्या. मी लॅपटॉप पुढे ओढला आणि टाइप केलं: 'काकांनी काकूंना कधीही मॅचला नेलं नाही. थंडी वाजेल म्हणाले.' काकू उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या.

"जुलै लिही," त्या म्हणाल्या. "नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, जानेवारी असेल."